बिननावाची परीक्षा

"वहिनी, पापड लाटायला येताय न्हवं?"

चौगुलेवहिनी दारात उभ्या होत्या. हातात लाटणं, मागे कॉलनीतल्या आणखी दोघी, त्यांच्या काखेत पोळपाटं. उन्हाळ्यात आमच्याकडे पापड असेच होतात. एकीच्या घरी पीठ कुटायचं आणि बाकीच्यांनी लाटायला जायचं, आज तुझ्याकडे तर उद्या माझ्याकडे. न जाणारीच्या पापडांना पुढे कुणी हात लावत नाही.

मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. कानात वायरी, समोर तांब्याला टेकवलेला मोबाइल, हातात पेन्सिल.

"आज नाही हो जमायचं," मी म्हणाले.

"का ओ? बरं न्हाई काय?"

"बरं आहे. गणित शिकतेय."

"मयूरीला काय अडलंय काय?"

मयूरी म्हणजे आमची मुलगी. ती तेव्हा कोल्हापूरला हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करत होती.

"मयूरी नाही, मीच. माझं मी शिकतेय."

"आणि ते कशाला?"

"मजा येते म्हणून."

दुसरं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. डोकं दुखतंय म्हटलं असतं तर बाम आला असता. नवऱ्याशी भांडण झालंय म्हटलं असतं तर तिघी लाटणी ठेवून आत बसल्या असत्या. पण त्रेचाळीस वर्षांची बाई भर दुपारी मजेखातर गणित करते, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. चौगुलेवहिनींनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. रविवार होता, त्यामुळे आत पलंगावर हे पेपर वाचत पडले होते. घरात काहीतरी बिनसलंय आणि नवऱ्याला पत्ताच नाही, अशी ती नजर होती. ह्यांनी ती बरोबर ओळखली आणि पेपर टाकून ते दाराशी आले.

"परीक्षेला बसलीय ती," हे म्हणाले.

तिघींचे चेहरे पालटले. चौगुलेवहिनींनी कपाळाला हात लावला.

"अगं बया! मग तसं सांगायचं न्हाई व्हय? करा, करा. अभ्यास करा तुमी. पापडाचं काय मेलं!"

शेवटचं वाक्य तर त्या कुजबुजल्याच. जाताना घरात तान्हं मूल झोपलेलं असावं तसं त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

"असं का सांगितलंत?" मी विचारलं.

"मग काय सांगू? माझी बायको दुपारची मजा करते म्हणून? मला याच कॉलनीत राहायचंय."

"आणि कुठली परीक्षा म्हणून विचारलं तर?"

"कुणी विचारत नाही. मोठी आहे म्हटलं की झालं."

हे पंचायत समितीत कारकून होते. लोक काय विचारतात आणि काय विचारत नाहीत, हे त्यांना नोकरीमुळे पाठ झालं होतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा आमच्या गडहिंग्लजला इंटरनेट नुकतंच स्वस्त झालं होतं आणि मयूरीचा जुना मोबाइल माझ्याकडे आला होता. मी त्यावर लोणच्याच्या पाककृती बघायची. एकदा मसाला शोधता शोधता भलताच व्हिडिओ उघडला. एक म्हातारे मद्रासी सर, पांढरा शर्ट, फळा आणि खडू. ते म्हणत होते, समजा मूळ संख्या कुठेतरी संपतात. समजा ही शेवटची. आता आहेत तेवढ्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा. या नव्या संख्येला त्यांतल्या एकीनंही भाग जात नाही, दर वेळी एक उरतोच. म्हणजे आपण शेवटची धरली ती शेवटची नव्हतीच!

मी मिरजेची, मराठी घेऊन बीए झालेली. इंग्रजी यथातथाच. पण गणितातलं इंग्रजी फार थोडं असतं आणि सर तेही सावकाश बोलायचे. त्या दिवशी गॅसवरची फोडणी जळून कोळसा झाली तरी मला वास आला नाही. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. शाळेत गणित म्हणजे छातीत धडधड आणि वहीवर लाल शाई. इथे वही कुणी मागत नव्हतं. कळलं तर कळलं, नाही कळलं तर व्हिडिओ मागे न्यायचा. सर न कंटाळता तेच पुन्हा सांगायचे, जे करणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता.

त्यांचा गणिताचा एक कोर्स संपवला आणि तर्कशास्त्राचा धरला. तो मात्र घरात जरा जड गेला. 'सगळे कावळे काळे असतात' हे खोटं पाडायला सगळे कावळे पांढरे असावे लागत नाहीत, एकच पुरतो, हे मी शिकले त्याच रात्री हे जेवताना म्हणाले, "तुझ्या आमटीत कायम मीठ जास्त असतं." मी त्यांना परवाची अळणी आमटी दाखला म्हणून दिली. हे म्हणाले, यापेक्षा तू भांडायचीस ते बरं होतं.

आता परीक्षेचं सांगते. हे एक वाक्य बोलून मोकळे झाले आणि माझ्या घरात सोन्याचे दिवस आले.

हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. 'नको गं, त्यांचा अभ्यास हाय,' असं बायका परस्पर सांगू लागल्या. चौगुलेवहिनींनी भिजवून खायला बदाम आणून दिले, स्मरणशक्तीला बरे म्हणून. आमच्या भागात लग्नाच्या वरातीतला डॉल्बी देवळासमोरही गप्प बसत नाही, पण आमच्या घरासमोर आला की पोरं स्वतःहून बटण पिळायची. नवरदेव घोड्यावर ताटकळायचा, करवल्या तोंडावर बोट ठेवायच्या आणि वरात मुक्यानं आमचं फाटक ओलांडायची. खिडकीतून ते बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, मग मी पडदा ओढून पुन्हा सरांकडे वळायची.

सगळ्यात मोठा बदल आत्यांच्यात झाला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. आत्यांची शाळा चौथीत सुटलेली, जीभ मात्र धारदार. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना घाबरून होते. परीक्षेचं कळलं त्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या हातातली परात त्यांनी काढून घेतली.

"सांजच्या भाकरी आजपासनं मी करतो," त्या म्हणाल्या. कोल्हापूरकडच्या बायका अशाच बोलतात, मी करतो, मी जातो. "तू अभ्यासाला बस."

"आत्या, तुमचे गुडघे…"

"गुडघ्यानं भाकरी थापत्यात व्हय? बस म्हटलं की बसायचं."

मी बसले. त्यांना खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

पुढे कानातल्या वायरी तुटल्या आणि सरांचा आवाज घरभर ऐकू येऊ लागला. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसायच्या. इंग्रजीचं अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण फळ्याकडे त्यांचं बारीक लक्ष असायचं.

"ह्या बाबाला पगार कोण देतंय?" एकदा त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. फुकट शिकवतात, कुणीही बघावं."

"म्हंजे येडा हाय का संत?"

"थोडे थोडे दोन्ही असतील."

"आज लई पुसापुशी केली त्यानं. चुकलं वाटतं कायतर."

"चुकले नाहीत. आधी चुकीचं धरायचं आणि ते कुठे अडतं ते बघायचं, अशी रीत आहे."

"मग बरं हाय," आत्या म्हणाल्या आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

परीक्षेचं नाव खरोखरच कुणी विचारलं नाही. विचारण्याऐवजी ज्यानं त्यानं आपापल्या पोचेप्रमाणे ठरवलं. कुणी मला तलाठी केलं, कुणी तहसीलदार. किराणा दुकानदार तर मला कलेक्टर समजून सुटे पैसे द्यायचा, चॉकलेट नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझ्या मुठीत तर हवाच होती. परीक्षेला बसणारा अभ्यास करतो, पण म्हणून अभ्यास करणारा परीक्षेलाच बसलेला असतो असं निघत नाही. सरांनी हे पहिल्याच तासाला सांगितलं होतं. आमच्या कॉलनीनं तो तास बुडवला होता.

त्यांनी पुढे आणखी एक गोष्ट सांगितली होती. एखादं खोटं विधान खरं मानून बसलात तर त्याच्या जोरावर तुम्हाला जगातलं वाटेल ते सिद्ध करून दाखवता येतं. मला तेव्हा हे फळ्यावरचं काम वाटलं. मग दोन वर्षांनी निवडणूक आली.

आमच्या वॉर्डातून सर्जेराव मगदूम उभे राहणार होते. सगळे त्यांना सर्जेदादा म्हणत. त्यांना महिलांची मतं हवी होती आणि महिलांसाठी काहीतरी करून दाखवायचं होतं, शक्यतो खर्च न करता. त्यांनी ह्यांना चहाच्या गाड्यावर गाठलं.

"विलासराव, वहिनींचा निकाल कधी?"

"लागेल," हे म्हणाले. "या आठवड्यात लागेल."

शुक्रवारी सकाळी मी दूध आणायला नाक्यावर गेले, तर तिथे मीच उभी होते. फ्लेक्सवर. भाचीच्या लग्नातला फोटो, नथ घातलेली, आणि खांद्यामागे ह्यांचा अर्धा कान. 'स्पर्धा परीक्षेतील उत्तुंग यशाबद्दल सौ. शैलाताई विलास तोडकर यांचे हार्दिक अभिनंदन!' माझ्या तिप्पट आकाराचे सर्जेदादा काळा चष्मा लावून हात जोडत होते. खाली लिहिलं होतं: भव्य नागरी सत्कार, शनिवारी सायंकाळी, गणेश मंदिर पटांगण.

मी दूध न घेताच परत आले.

"हे काय आहे?" मी ह्यांना विचारलं.

"मी 'पास झाली' म्हणालो नाही. लागेल म्हणालो. सर्जेदादाला वाटलं, लागेल म्हणजे लागलाच."

"उतरवायला सांगा."

"वेडी आहेस का? निवडणुकीच्या तोंडावर फ्लेक्स उतरवायला सांगितलं तर मी पलीकडच्या गटात गेलो असंच धरतील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ. शाल घे, नारळ घे, घरी ये. परीक्षेचं नाव कुठे लिहिलंय त्यावर? उत्तुंग यश लिहिलंय. ते कुठल्याही परीक्षेतलं असू शकतं."

"आणि सोमवारपासून?"

"सोमवारपासून काय?"

"पास झालेली बाई अभ्यास कशाला करेल?"

ह्यांच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या मात्र दुसरं काही डोक्यात नव्हतं. शाल घेतली की मी पास, आणि पास झाले की माझी दुपार गेली. लोक पोस्टिंग कुठे मिळालं विचारणार, ते कुठेच मिळणार नाही, आणि मग बसायचं पापड लाटत. खरं सांगितलं तरी तेच. बाईला मजा करायला रोजचे दोन तास कोण देतं? वर दोन वर्षं गावाला फसवल्याचा बोल लागणार तो वेगळाच.

आणि सर नेमके तेव्हाच अनंतापाशी येऊन थांबले होते. एक, दोन, तीन अशा संख्या अनंत आहेत. रेघेवरचे बिंदूही अनंत आहेत. पण हे दुसरं अनंत पहिल्यापेक्षा मोठं आहे, असं सर खडू खाली ठेवता ठेवता म्हणाले होते. कसं, ते पुढच्या तासाला. मी आत्यांनाही ते सांगितलं होतं आणि दोन रात्री त्यावर जागी होते. अनंताहून मोठं काही असेलच कसं? तो तास मला हवा होता. आयुष्यात मी हट्टानं फार थोड्या गोष्टी मागितल्या असतील, पण हा तास आणि त्याच्यापुढचे सगळे तास मला हवे होते, आणि ते कुणीतरी शालीत गुंडाळून न्यायला निघालं होतं.

त्या दिवशी तो व्हिडिओ बघायला सवडच मिळाली नाही. घरात पेढे घेऊन माणसं यायची आणि मी त्यांना चहा करायची. आत्यांना तेवढं खरं सांगावं म्हणून शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. त्या पेटीतलं ठेवणीतलं इरकल नेसत होत्या.

"आत्या, एक सांगायचं होतं."

"सांग की."

काठ नीट करता करता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षं त्यांनी माझ्यासाठी भाकरी थापल्या होत्या. मी खाली बसून त्यांच्या निऱ्या सारख्या करू लागले.

"न्हाई सांगायचं तर ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. "चल, खुर्च्या भरल्या आसतील."

भरल्याच होत्या. आधी दीपप्रज्वलन झालं, मग पाहुण्यांचा सत्कार, मग सत्काराचं नियोजन करणाऱ्यांचा सत्कार. सर्जेदादा बोलायला उठले.

"ज्या वयात आमच्या माताभगिनी टीव्हीसमोर बसतात, त्या वयात आमच्या वहिनींनी आकाशाला गवसणी घातली! उद्या वहिनी लाल दिव्याच्या गाडीतनं या वॉर्डात येतील, तवा इथला रस्ता झालेला आसंल, हा माझा शब्द हाय!"

टाळ्या पडल्या. हा रस्त्याचा शब्द मी तिसऱ्यांदा ऐकत होते. त्यांनी शाल उलगडली, पण त्याआधी मी दोन शब्द बोलावेत म्हणून माइक माझ्यापुढे सरकवला.

पहिल्या रांगेत आत्या, त्यांच्या शेजारी चौगुलेवहिनी, कडेला हे. दोन वर्षं मी खरं आणि खोटं याच दोन गोष्टी शिकत आले होते. आता खोटं बोलले तर सरांना तोंड कसं दाखवणार होते? म्हणजे तोंड तेच दाखवायचे, मी नाही, पण मला तसंच वाटत होतं.

"मी पास झालेले नाही," मी म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघा!" सर्जेदादांनी माझ्या तोंडासमोरचा माइक ओढून घेतला. "हा विनय! फळं आली की झाड वाकतं, ते हे असं!"

"अहो, विनय नाही," मी माइक परत ओढला. "मी परीक्षेला बसलेच नाही. परीक्षाच नव्हती. मी गणित शिकते, कारण मला ते आवडतं. बाकी काहीही नाही."

आता मात्र एकही टाळी पडली नाही. देवळामागच्या जनरेटरची धडधड तेवढी ऐकू येत होती.

"म्हंजे?" मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हंजे फशिवलं की काय आमाला?"

"आणि मग ते बदाम?" चौगुलेवहिनी म्हणाल्या.

हे स्वतःच्या बुटांकडे बघत होते. सर्जेदादांच्या हातात शाल अर्धी उलगडलेली होती आणि तिचं पुढे काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. माणसं एकमेकांकडे वळून बोलायला लागली. आवाज वाढत चालला. मला वाटलं, संपलं. दुपार गेली, लाज गेली, घरादाराचं नाव गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात आत्या उठल्या.

"ए सर्जा!" त्यांनी हाक मारली. माइकची त्यांना गरज नव्हती. सर्जेदादांना त्यांनी नाक पुसायच्या वयापासून पाहिलं होतं. "थांब जरा. नापास झालीय ती."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"नापास झालीय, आणि सांगायची लाज वाटायलीय म्हणून असं कायबी बोलायलीय. परीक्षा नव्हती म्हणं! मी काय डोळं मिटून बसलो होतो व्हय घरात? दोन दिस धड जेवली न्हाई. थोडक्यात गेलंय तिचं. पुढच्या साली परत बसणार हाय. तवर तिला कुणी तरास द्यायचा न्हाई, सांगून ठेवतो."

पटांगणातून एक मोठा सुस्कारा निघाला. नापास! हे लोकांना कळण्यासारखं होतं. घरटी एक तरी नापास झालेला होताच. चौगुलेवहिनी डोळ्याला पदर लावून वर आल्या आणि त्यांनी माझे हात धरले. "असं मनाला लावून घ्यायचं न्हाई ओ. आमचा दीपक तीनदा गेला." मागचा तो 'फशिवलं'वाला गृहस्थ म्हणाला, की पेपर तपासणारेच पैसे खातात, वहिनींची काय चूक. न झालेल्या परीक्षेचे न लिहिलेले पेपर कुणीतरी खाल्ले होते आणि त्याबद्दल सगळ्यांना मनापासून चीड आली होती.

सर्जेदादांनीही एवढ्या वेळात घसा साफ केला.

"अपयश ही यशाची पहिली पायरी आसते!" असं म्हणून त्यांनी ती शाल प्रोत्साहनपर म्हणून माझ्या खांद्यावर घातली. पहिल्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या फ्लेक्सवर 'यशाबद्दल' या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवलेली दिसली. त्यावर लिहिलं होतं, 'प्रयत्नाबद्दल'. उत्तुंग तसंच ठेवलं होतं.

खरं मी माइकवरून दोनदा सांगितलं होतं. ते एकालाही पटलं नाही.

घरी आल्यावर हे कपडे बदलायला आत गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आत्या खुर्चीत बसून गुडघे चोळत होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आत्या, मी खरं सांगत होते. परीक्षा खरंच नव्हती."

"मला ठावं हाय."

"ठाऊक आहे? मग नापास का म्हणालात?"

"अगं, पास झालीस म्हटलं तर नोकरी कुठं लागली म्हणून इचारतील. मजा करतीया म्हटलं तर पापडाला वडून नेतील. नापास झालेल्याला कोण काय इचारत न्हाई. उलट वाट मोकळी करून देत्यात, बिचारी म्हणून." त्यांनी दुसरा गुडघा चोळायला घेतला. "तू एवढं शिकायलीस आणि एवढं कळंना व्हय तुला?"

"पण तुम्हाला कळलं कधी?"

"पयल्या महिन्यातच की. परीक्षेचा अभ्यास करणारं माणूस हसत नसतंय. विलास बसला होता ऑफिसातल्या परीक्षेला, तवा चार महिने तोंड पाडून फिरायचा. तू भिंतीकडं बघून एकटीच हसायचीस. मला आधी वाटलं, भूतबाधा झाली. मग वळखलं."

"मग भाकरी कशाला केल्यात दोन वर्षं?"

"पन्नास वर्सं झाली मला ह्या घरात. भांडाय, रडाय लई येळ मिळाला सगळ्यास्नी. कुणीतरी हसायलंय तर हसू दे की, म्हटलं."

मला रडू आलं. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्यांनी ते दोनच क्षण ठेवून घेतलं.

"उठ, गुडघा दुखतोय. आणि त्या बाबाला लाव. ते मोठं अनंत अर्धंच ऱ्हायलंय."

मी व्हिडिओ लावला. सरांनी फळ्यावर आकड्यांच्या रांगा मांडल्या आणि तिरप्या रेषेत एकेक आकडा बदलत खाली आले. आणि जिला त्या रांगांमध्ये कुठेच जागा नाही अशी संख्या त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत काढून दाखवली. मी मोठ्यानं हसले. आत्यांना काय कळलं कोण जाणे, त्याही हसल्या.

पुढे दर वर्षी जूनमध्ये मी नापास होत गेले. त्याच्या आधी आठवडाभर आत्या मला उगाच बाहेर फिरकू नको म्हणायच्या, हसरा चेहरा कुणाला दिसायला नको म्हणून. मग एक दिवस पदर नीट करून स्वतः चौगुल्यांकडे जायच्या. "यंदाबी थोडक्यात गेलं बघ," असं सांगून, सहानुभूतीचा चहा पिऊन परत यायच्या. सर्जेदादा निवडून आले. रस्ता काही झाला नाही. पण भेटले की ते अजून मला धीर देतात.

गेल्या दिवाळीनंतर आत्या गेल्या. बाराव्याला चौगुलेवहिनी माझ्या गळ्यात पडून रडल्या. "म्हातारीचं एवढंच ऱ्हायलं ओ," त्या म्हणाल्या. "तुमी पास झालेलं बघायचं." मी हो म्हणाले आणि आत जाऊन पोटभर रडले. या घरात मला हसताना बघून ज्याला बरं वाटायचं, ते माणूस गेलं होतं.

यंदा जून आला आणि गेला. आता कोण जाऊन सांगणार, म्हणून मी विषयच काढला नाही. शेवटी कॉलनीत विचारणा सुरू झाली. एका संध्याकाळी मी सरांपुढे बसले होते, तर हे चपला घालताना दिसले.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"चौगुल्यांकडे. तुझा निकाल सांगून येतो."

"काय सांगणार?"

"थोडक्यात गेलं म्हणतो," हे म्हणाले. "तू बस."